डोमेन नाव ठरवताना नेमकं काय बघावं?

अक्षरवेल

नमस्कार मंडळी. मी शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे व्हिडिओ आणि सरावसंच करते. आतापर्यंत सगळं एका मोफत ब्लॉगवर होतं आणि पत्ताही त्या सेवेचाच होता. आता सशुल्क अभ्यासक्रम सुरू करायचा आहे, त्यासाठी स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, हवं आहे. बाकी तयारी झाली, नावावर घोडं अडलंय. तीन पर्याय समोर आहेत.

पहिला, सूत्रवेध. मला मनापासून आवडलेलं नाव. डॉट कॉम मोकळं दिसतंय.

दुसरा, लर्न, ईझी, मॅथ्स, ऑनलाइन असे चार इंग्रजी शब्द, मध्ये हायफन. भावाचं म्हणणं, असं नाव सर्चमध्ये लगेच वर येतं.

तिसरा, पाच अक्षरांचा एक बनवलेला शब्द. तो इथे लिहीत नाही. त्याचं डॉट कॉम कोणीतरी विकायला ठेवलंय, डॉट आयओ मात्र मिळतंय.

जाणकारांनी कृपया सांगावं. नाव एकदाच ठरवायचं आहे, नंतर बदलणं नको.

कळफलक

सूत्रवेध फोनवर कोणाला तरी एकदाच सांगा आणि त्यांना ब्राउझरमध्ये टाइप करायला सांगा. स्पेलिंग विचारलं तरी सांगू नका. ते काय टाइप करतात ते फक्त बघा.

'सू'साठी कोणी यू लावेल, कोणी डबल ओ. 'वे'साठी व्ही किंवा डब्ल्यू. शेवटच्या 'ध'ला काही जण डीएच लिहितील, काही नुसता डी. म्हणजे एका नावाची आठ स्पेलिंगं झाली आणि त्यातली सगळी 'बरोबर' आहेत, कारण मराठी रोमनमध्ये लिहायची सर्वांनी पाळलेली एक पद्धतच नाही. तुमच्याकडे यायला निघालेला माणूस उरलेल्या सात पत्त्यांपैकी एकावर गेला, तर तो चुकला हे त्याला कळणारही नाही. 'साइट उघडत नाही' म्हणून तो सोडून देईल.

मराठी नाव घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. घ्याच. फक्त अक्षरं पारखून घ्या. ज्ञ, ऋ, ळ, दीर्घ स्वर, आणि त-थ, द-ध, च-छ, श-ष या जोड्या रोमनमध्ये घोळ घालतात. न, म, र, ल, ब, प, ग यांनी बनलेले छोटे शब्द बहुतेक सगळे एकसारखे लिहितात. 'ज्ञान' हा शब्द मला अतिशय प्रिय आहे, पण डोमेनमध्ये तो डीएनवायने सुरू करायचा की जीवायने, यावर दोन मराठी माणसांचंही एकमत होत नाही.

ॲमेझॉनचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. १९९४ साली ती कंपनी 'कॅडाब्रा' या नावाने नोंदवली होती. फोनवर वकिलाला ते 'कॅडॅव्हर', म्हणजे मृतदेह, असं ऐकू आलं आणि नाव बदलावं लागलं. कागदावर सुंदर दिसणारं नाव फोनवर टिकेलच असं नाही.

आणि हो, सूत्रवेध तुम्ही इथे जाहीर लिहिलंय. हवं असेल तर आजच नोंदवून ठेवा.

शून्यवाट

कळफलक यांचं ऐकण्या-टायपण्याचं म्हणणं मान्य, पण आजकाल पत्ता टाइप करतं कोण? लोक सर्च करतात, लिंक दाबतात, क्यूआर कोड स्कॅन करतात. म्हणून मला दुसरा पर्याय वाईट वाटत नाही. नावातच विषय असला की अनोळखी माणसालाही कळतं इथे काय मिळणार आहे. नव्या साइटला ओळख नसते, तेव्हा ही मदत मोठी असते.

कळफलक

विषय कळण्याचा मुद्दा खरा आहे. सर्चमध्ये वर येण्याचा मुद्दा मात्र जुना झाला. पूर्वी शोधशब्द जसाच्या तसा डोमेनमध्ये असला की फायदा व्हायचा, म्हणून लोक असली शेकडो नावं घेऊन ठेवायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने खास याच प्रकारावर बदल आणला आणि फक्त नावाच्या जोरावर वर आलेल्या हलक्या साइट खाली गेल्या. चांगल्या मजकुराच्या साइटचं नाव विषयाशी जुळत असेल तर काही बिघडत नाही, पण नावाने मजकुराची भरपाई होत नाही.

आता सर्चबद्दल. लोक सर्च करतात हे मान्य, पण ज्याला तुमचे व्हिडिओ आवडले तो दुसऱ्याला तोंडीच सांगतो ना? दुसऱ्याने तेच नाव सर्चमध्ये टाकलं तरी स्पेलिंगचा प्रश्न येतोच. त्यात नाव चार सामान्य शब्दांचं असेल, तर सर्चमध्ये त्याच शब्दांच्या बाकीच्या साइटही समोर येतात. तुमचं असं काही उरतच नाही.

हायफनबद्दल माझं मत ठाम आहे. नियमाने चालतो, फक्त नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी नको. पण तीन हायफन असलेला पत्ता तोंडी सांगून बघा. 'लर्न हायफन ईझी हायफन' म्हणेपर्यंत समोरच्याचं लक्ष उडतं, आणि हायफन विसरला की तो थेट दुसऱ्याच्या दारात.

निळीशाई

हायफन काढायचा तर शब्द चिकटून काय तयार होतंय तेही तपासा. डोमेनमध्ये जागा सोडता येत नाही आणि लहान-मोठ्या लिपीतलं अक्षर एकच धरलं जातं. कागदावर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून छान दिसतं, ब्राउझरमध्ये सगळं एका ओळीत सलग येतं. दोन निरागस शब्द जोडल्यावर मधूनच भलताच शब्द वाचला जातो, अशी उदाहरणं जगभर आहेत. नाव सगळं लहान लिपीत लिहून ज्याला ते माहीत नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला द्या.

एक शब्द संपतो त्याच अक्षराने दुसरा सुरू होतो, तेही टाळावं. 'एस' दोनदा की एकदा, इथे हमखास चूक होते.

दीपमाळ

माझा भाबडा प्रश्न. रोमनमध्ये इतका घोळ होतो तर सरळ देवनागरीतच डोमेन का घेऊ नये? आता मिळतात ना? सूत्रवेध देवनागरीत लिहिलं की एकच स्पेलिंग.

मध्यांतर

दीपमाळ, प्रश्न भाबडा नाही, अगदी रास्त आहे. देवनागरी डोमेन मिळतात आणि चालतात. पण आतली यंत्रणा अजूनही रोमन अक्षरं, अंक आणि हायफन एवढंच ओळखते. म्हणून देवनागरी नाव प्युनिकोड नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांच्या लांब साखळीत बदललं जातं, जिची सुरुवात एक्स, एन आणि दोन हायफन अशी होते. ब्राउझर बहुतेक वेळा देवनागरी रूप दाखवतो. पण पत्ता कॉपी करून मेसेजमध्ये टाकला की पुष्कळदा ती अनाकलनीय साखळी दिसते आणि लोकांना ती फसवी लिंक वाटते.

ही भीती अगदीच निराधार नाही. २०१७ साली एका संशोधकाने सिरिलिक, म्हणजे रशियन वगैरे भाषांच्या, लिपीतली रोमनसारखी दिसणारी अक्षरं वापरून हुबेहूब ॲपलच्या साइटसारखा दिसणारा पत्ता बनवून दाखवला होता. अशा प्रकारांमुळे ब्राउझर संशय आला की देवनागरी किंवा सिरिलिक रूप न दाखवता साखळीच दाखवतात.

ईमेलचं दुखणं वेगळं. देवनागरी डोमेनवरचा ईमेल पत्ता कितीतरी साइटचे फॉर्म 'अवैध' म्हणून नाकारतात. पैसे घेणाऱ्या व्यवसायाला ते परवडत नाही. मी म्हणेन, मुख्य डोमेन रोमनमध्ये घ्या, देवनागरी जोडीला घेऊन मुख्यकडे वळवा. आपल्या लिपीतलं नाव आपल्याकडे असावं असं मलाही मनापासून वाटतं.

आता डॉट आयओ. त्यावर अजून कोणी बोललं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटी दोनच अक्षरं असलेलं प्रत्येक डोमेन कोणत्या तरी देशाचं किंवा प्रदेशाचं असतं. डॉट आयओ हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचं, डॉट एआय अँग्विलाचं, डॉट टीव्ही तुवालूचं, डॉट को कोलंबियाचं, डॉट मी माँटेनेग्रोचं. बाहेरचे लोक ती आकर्षक दिसतात म्हणून घेतात, पण नियम त्या त्या ठिकाणचे लागतात. डॉट एलवाय लिबियाचं आहे. २०१० साली तिथल्या नोंदणी संस्थेने एका लिंक छोट्या करणाऱ्या सेवेचं डोमेन स्थानिक कायद्याला धरून नाही म्हणून काढून घेतलं. युगोस्लाव्हिया हा देश उरला नाही, आणि २०१० मध्ये डॉट वाययू कायमचं बंद झालं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर जानेवारी २०२१ पासून ज्यांचा संघाशी संबंध उरला नव्हता अशा ब्रिटिश धारकांची डॉट ईयू डोमेन स्थगित झाली. त्यांनी काहीही चूक केली नव्हती.

डॉट आयओच्या मागे जी चागोस बेटं आहेत ती मॉरिशसला देणार असं ब्रिटनने २०२४ साली जाहीर केलं आणि तेव्हापासून या डोमेनचं पुढे काय, ही चर्चा सुरू झाली. उद्या सकाळी बंद पडेल असं नाही, अशा वेळी काही वर्षांची मुदत मिळते. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की नाव नंतर बदलायचं नाही. मग ज्याच्या भवितव्यावर प्रश्न आहे ते कशाला घ्यायचं?

शून्यवाट

मध्यांतर, उत्तम माहिती. पण मग नव्या शेपट्यांचं, म्हणजे शेवटच्या डॉटनंतर येणाऱ्या नव्या शब्दांचं, काय? २०१२ साली आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेने, अर्ज मागवले तेव्हा १,९००हून जास्त आले होते, त्यातून शेकडो नवी डोमेन निघाली. डॉट अकॅडमी, डॉट स्कूल, डॉट कोर्सेस. ती देशांची नाहीत, आणि अक्षरवेल यांच्या विषयाला शोभतील.

मध्यांतर

शोभतील, आणि देशाचा धोकाही नाही. घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, नूतनीकरणाचा दर. पहिल्या वर्षी अगदी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षापासून कितीतरी पट, असं या प्रकारात सर्रास असतं. काही चांगली नावं 'प्रीमियम' म्हणून वेगळी काढलेली असतात आणि त्यांचा वाढीव दर दरवर्षी लागू राहू शकतो. जाहिरातीतली रक्कम सोडा, नूतनीकरणाची रक्कम वाचा.

दोन, माणसांची सवय. नाव ऐकलं की लोक मागे डॉट कॉम लावतात. २०११ साली ओव्हरस्टॉक या मोठ्या विक्री साइटने 'ओ डॉट को' असं अतिशय छोटं नाव घेऊन गाजावाजा केला. लोक ओ डॉट कॉम टाइप करत राहिले, आणि ते डोमेन तर नोंदणीसाठी खुलंच नव्हतं. काही महिन्यांतच कंपनी जुन्या नावावर परत आली.

म्हणून मी असं सुचवेन की तुमच्या नावाचं डॉट कॉम दुसऱ्या कोणाकडे चालू स्थितीत असेल, त्यातही त्याचा विषय तुमच्याजवळचा असेल, तर ते नाव सोडून द्या. दुसरी शेपटी लावून त्याच नावावर उभं राहिलात, तर जाहिरात तुमची आणि पाहुणे त्याचे.

निळीशाई

कायद्याच्या बाजूने थोडं. डोमेन मिळालं म्हणजे नाव वापरायचा हक्क मिळाला असं होत नाही. ट्रेडमार्क वेगळा. १९९९ पासून आयकॅनची एक तंटा निवारण पद्धत आहे, तिच्यात ट्रेडमार्कवाल्याला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : डोमेन त्याच्या चिन्हासारखं किंवा गोंधळ होण्याइतकं जवळचं आहे, धारकाचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवून वापरलंय. तिन्ही सिद्ध झालं तर डोमेन जातं, पैसे परत मिळत नाहीत.

तुमची बाजू खरी असली तरी त्रास टळत नाही. उझी निसान नावाच्या गृहस्थांनी १९९४ मध्ये स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम आपल्या संगणक व्यवसायासाठी घेतलं. १९९९ मध्ये मोटार कंपनीने दावा लावला. डोमेन त्यांच्याकडेच राहिलं, पण त्यापायी कित्येक वर्षं कोर्टात गेली. छोट्या व्यवसायाने एवढ्यासाठी आपली शक्ती का घालवावी? नाव पक्कं करायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी नोंदींत शोध घ्या. फक्त तेच स्पेलिंग बघू नका, उच्चाराने जवळची नावंही बघा.

वाटसरू

उशिरा आलोय, पण एक मुद्दा राहिलाय. डोमेन मोकळं आहे याचा अर्थ ते कोरं आहे असा नाही. आधी कोणाचं तरी असू शकतं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून तिथे पूर्वी काय होतं ते बघा. जुगार किंवा बनावट औषधांची साइट असेल तर सोडून द्या. स्पॅमच्या काळ्या यादीतही तपासा, नाहीतर तुमचे ईमेल मुलांच्या पालकांपर्यंत पोचणारच नाहीत. घेतल्यावर साइटमालकांसाठी असलेल्या गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये लगेच नोंदवा, जुन्या मालकामुळे काही कारवाई लागू असेल तर ती तिथे दिसते.

आता नोंदणी कोणाच्या नावावर, हे सांगायला मी मुळात आलो. साइट बनवणारा म्हणतो, 'डोमेन मी घेऊन टाकतो, तुम्ही काळजी करू नका.' कृपया असं होऊ देऊ नका. धारक म्हणून तुमचंच नाव, तुमचाच ईमेल, खातंही तुमचं. पुढे त्या माणसाशी बिनसलं किंवा तो धंदा सोडून गेला, तर डोमेन परत मिळवणं फार जड जातं. पाहिजे तर त्याला डीएनएस, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ती सेटिंग, बदलायची परवानगी द्या, मालकी नको.

त्यातच एक बारीक गोष्ट. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल लावू नका. डोमेन बंद पडलं तर तो ईमेलही बंद, आणि खातं उघडायचा दुवा त्याच बंद पेटीत जाऊन पडणार. वेगळा ईमेल लावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, डोमेन परस्पर दुसरीकडे हलवू न देणारं ट्रान्स्फर लॉक चालू ठेवा.

मुदत विसरायची नाही. मोठमोठ्यांचंही होतं. १९९९ च्या डिसेंबरात, ऐन नाताळात, मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम नूतनीकरणाअभावी बंद पडलं आणि हॉटमेलच्या लोकांना लॉगिन होईना. शेवटी एका बाहेरच्या प्रोग्रामरने स्वतःचे ३५ डॉलर भरले. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. मुदत संपली तर रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवसांची सवलत, मग ३० दिवस जादा दंड भरून सोडवून घ्यायचे, मग ५ दिवसांनी ते सगळ्यांना खुलं. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, आणि त्याला जोडलेल्या कार्डाची मुदतही बघत जा, कारण पैसे कापले न गेल्यानेच बरीच डोमेन जातात.

अक्षरवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

फोनचा प्रयोग केला. सूत्रवेध घरातल्यांनीच तीन वेगळ्या पद्धतींनी लिहिलं. हायफनवालं नाव भावाने स्वतःच मागे घेतलं. तिसरा, पाच अक्षरी शब्द मात्र प्रत्येकाने पहिल्याच फटक्यात बरोबर लिहिला! आता त्याचं डॉट कॉम विकायला ठेवलेलं आहे, त्याचं काय करू? सध्या दुसरं काही घेऊन पुढे ते घ्यावं का?

कळफलक

'पुढे घेऊ' या आशेवर बसू नका. तुमचा व्यवसाय जसा वाढेल तशी विकणाऱ्याची अपेक्षाही वाढेल. मोठ्यांना ते जमलं हे खरं. ड्रॉपबॉक्स आधी 'गेट ड्रॉपबॉक्स' होतं, फेसबुक आधी 'द फेसबुक'. फेसबुकने 'द' काढायला २००५ साली दोन लाख डॉलर मोजले. त्यांच्याकडे गुंतवणूकदारांचा पैसा होता.

आत्ताच भाव विचारा. लिहिलेली किंमत अंतिम नसते, निम्म्याहून खाली प्रस्ताव द्यायला संकोच नको. विचारताना व्यवसायाची माहिती देऊ नका. सौदा झाला तर पैसे एस्क्रोमार्फतच, म्हणजे पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थ सेवेमार्फतच, द्या, डोमेन तुमच्या खात्यात आल्यावरच समोरच्याला मिळतील असे. तुमच्या ऐपतीबाहेर गेलं तर त्याच शब्दाला एक साधा, ठरलेला शब्द जोडा, उदाहरणार्थ गणित. जोडलेला शब्दही नावाचाच भाग माना आणि बोधचिन्हापासून व्हिडिओपर्यंत पूर्ण नावच वापरा. आधी सांगितलेली अट मात्र इथेही लागू : मूळ शब्दाच्या डॉट कॉमवर कोणी शिकवणीचं काही चालवत नसेल तरच.

शून्यवाट

मला शेवटी एवढंच नोंदवायचंय की नावात अडकून अभ्यासक्रम लांबवू नका. अडनिड्या नावाच्या कितीतरी साइट केवळ काम चांगलं म्हणून चालल्या. ट्विटरची सुरुवात स्वर गाळलेल्या पाच व्यंजनांनी झाली होती, पूर्ण स्पेलिंगचं डोमेन नंतर घेतलं. एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी जे हातात आहे ते नोंदवा.

कळफलक

तारीख ठरवण्याबद्दल पूर्ण सहमत. ट्विटरने शेवटी स्वर विकतच घेतले, तेवढं लक्षात असू द्या.

अक्षरवेल

येत्या रविवारी नोंदवायचं ठरवलंय. विकणाऱ्याचं उत्तर तोवर आलं तर ठीक, नाहीतर 'गणित' जोडून. शेवटचा प्रश्न : जुन्या ब्लॉगचे वाचक आणि सर्चमधली जागा जाईल का?

मध्यांतर

नीट केलं तर फारसं नाही. बऱ्याच मोफत सेवा ब्लॉगला स्वतःचं डोमेन जोडू देतात, मग जुने पत्ते आपोआप नव्याकडे वळतात. तुमच्या सेवेच्या सेटिंगमध्ये ते आहे का ते आधी बघा. प्रत्येक जुनं पान त्याच मजकुराच्या नव्या पानाकडे वळलं पाहिजे, सगळी एकदम मुखपृष्ठाकडे नकोत. ३०१ प्रकारचं, म्हणजे कायमचं, वळण लावा आणि किमान वर्षभर काढू नका, गुगलही तेवढंच सांगतं. जुना ब्लॉग पुसून टाकू नका.

सेवा वळण देत नसेल तर प्रत्येक जुन्या लेखाच्या अगदी वर नव्या पानाची लिंक टाका, सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखांपासून सुरुवात करा. आणि नोंदणी झाल्यावर पहिले ६० दिवस डोमेन सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, तेव्हा रविवारच्या आत रजिस्ट्रार कोणता ते ठरवून ठेवा.